निर्णय शुद्धीतच व्हावा

मरणाची वाट पाहत पडलेल्या जिवाची कथा लेखकांना व दिग्दर्शकांना नेहमीच खुणावत आली आहे. संजय लीला भन्साळी यांच्या ‘गुजारिश’ (२०१०) या चित्रपटात गोव्यातील एक जादूगार अंथरुणाला खिळलेला असून न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो. तो बोलतो, हसतो, युक्तिवाद करतो. म्हणून त्याची इच्छा आपल्याला कळते. परंतु ज्याची वाचा व शुद्ध दोन्ही हरपली, त्याची इच्छा कोणी सांगावी?

हा प्रश्न महाराष्ट्रासमोर चार दशके उभा होता. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. मेंदूस इजा होऊन त्या १८ मे २०१५ रोजी देहावसान होईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक रंगभूमीवर आले. पुढे विराणी यांनी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तर वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली गेली. मात्र कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्यास प्रथमच मान्यता मिळाली. करुणा दोन्ही पक्षी होती. नव्हता तो केवळ अरुणाताईंचा स्वतःचा शब्द.

आपल्या परंपरेत या शब्दालाच सर्वाधिक मोल आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये दृष्टी क्षीण झाल्यावर कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर रोजी समाधिमरण साधले. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्या ठरवले, तेव्हा देशभर समाज रस्त्यावर आला व त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. संथाऱ्याचा प्राण जागृतीत आहे. शुद्ध हरपलेला जीव तो घेऊ शकत नाही आणि त्याच्या वतीने पुत्रही तो घेऊ शकत नाही. आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थिसिअस’ या चित्रपटातील मुनी औषध नाकारतो, अन्नत्याग आरंभतो आणि अखेर उपचार स्वीकारतो. त्याला मन बदलता आले, कारण तो जागा होता.

भोर-वेल्ह्यातील घरचे वडील पुण्याच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतात, तेव्हा मुलांना एका सहीसाठी विचारले जाते. त्या सहीचे ओझे जन्मभर राहते आणि त्यावरून भाऊ-भाऊ दुरावतातही. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले. २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ झाली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकना पुरेशी आहे. ते केव्हाही बदलता येते.

एका रुपयाचा व्यवहारही वहीत लिहिणाऱ्या आपल्या समाजाने ही नोंद तेवढी कोरी ठेवावी, हे शोभत नाही. येत्या पर्युषणात क्षमापनेसाठी घर एकत्र जमेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनीच हा विषय काढावा. मुलांना तो काढणे फार जड जाते.