किल्ली कोणाकडे आहे?



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एक सूचना आली. दांडिया बाजाराजवळच्या आपल्या वाचनालयाची पुस्तकं एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन टाकावीत आणि खोली भाड्याने द्यावी, कारण "आता वाचतंय कोण?" त्यावर बावीस अंगठे पडले. त्या बावीसांत चालू सभासद किती, हे मी रजिस्टर काढून पाहिलं. तीन निघाले. बँकेतली सवय आहे, निवृत्त झालो तरी सुटत नाही.

मला ही सूचना मान्य नाही. का नाही, ते सांगतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

वाचणारे कमी झालेत हे खरंच आहे. पण देवघेवीचं रजिस्टर नीट पाहिलंत तर एक गंमत दिसते. ज्या महिन्यांत सोमवार-गुरुवार संध्याकाळी सहाला दार उघडलं, त्या महिन्यांची पानं भरलेली आहेत. मे महिना आणि दिवाळीनंतरचे दिवस कोरे. तेव्हा वाचक कुठे गेले नव्हते, किल्लीवाले गावाला गेले होते. माणूस सांधेदुखी घेऊन जिना चढतो, कुलूप बघतो, परत जातो. दुसऱ्यांदाही कुलूप दिसलं की तिसऱ्यांदा येत नाही. आणि त्या कोऱ्या पानांचा हिशेब आपण "वाचक नाहीत" असा मांडतो!

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, दोघांकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. वाचनालयाचा नियम याच्या बरोबर उलटा हवा. किल्ल्या तीन, तिघांकडे, आणि कोणाही एकाला उघडता आलं पाहिजे. आत चोरण्यासारखं काय आहे? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा? त्या चोरायला कोणी आला तर मी त्याला सभासद करून घेईन.

दुसरी गोष्ट पैशाची. मी काम हाती घेतलं तेव्हा पुण्याला मुलाकडे कायमचं राहायला निघालेल्या एक काकू अनामत परत मागायला आल्या. तीनशे रुपये. पेटीत नव्हते. पूर्वी अनामत सरळ जमेच्या बाजूला लिहून लाइटबिलात आणि कपाटात खर्च झाली होती. कोणी खाल्ली नाही हो, सगळी भली माणसं. पण अनामत हे देणं आहे, उत्पन्न नाही, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेव्हा खिशातून दिले. आता अनामतीचं खातं वेगळं आहे आणि त्याला हात लागत नाही. भाड्याच्या मोहात पडलेल्यांनी आधी विचारावं, की वाचनालय बंद करताना सगळ्या सभासदांची अनामत कशातून परत करणार?

आपण ज्या गावात राहतो त्या गावाने हे काम देशाला दाखवलं आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. पण त्यांनी सगळं फुकट दिलं नाही. वाचनालयासाठी गावाने जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा तिसऱ्या हिश्शाचा हिशेब होता. म्हणून मी वर्गणी माफ करायच्याही विरुद्ध आहे. महिन्याला वीस रुपये म्हणजे एक प्लेट सेव-उसळसुद्धा येत नाही. पण ते दिल्यावर माणूस "आमचं वाचनालय" म्हणतो.

आता माझी चूक. नियमांचा मला जरा जास्तच सोस. एका आजींचं पुस्तक दोन महिने उशिरा आलं. मी दंड मांडला, चाळीस रुपये. त्यांनी पिशवीतून मोजून दिले, काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांची सून कार्ड परत करायला आली, तेव्हा कळलं की ते दोन महिने आजोबा दवाखान्यात होते आणि आजी त्यांना तेच पुस्तक वाचून दाखवायच्या. मी दंड परत देऊ केला. सून म्हणाली, "राहू द्या काका, त्यांना आता यायला फावत नाही." तेव्हापासून दंड बंद आहे. उशीर झाला की मी फोन करतो. बरीच पुस्तकं परत येतात, आणि फोनवर तब्येतही कळते.

हो, आणि घर आवरताना पोत्यात भरून जुनी पुस्तकं दारात ठेवून जाणाऱ्यांना हात जोडून विनंती. त्यातलं बरंचसं कसर लागलेलं असतं, मग ती कपाटातल्या चांगल्या पुस्तकांनाही लागते. जुन्या गाइडांना आणि कॅलेंडरांना रद्दीवाला आहे. द्यायचंच असेल तर यंदाचे दोन दिवाळी अंक विकत घेऊन द्या. अंकांना अजूनही नंबर लागतात.

नातवंडांचं म्हणाल, तर ती गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात. पण हिंदीमुळे देवनागरी येते, घरी मराठी कानावर पडते. अडतं ते फक्त सवयीपाशी. माझी नात पहिल्यांदा चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचताना दर ओळीला थांबायची. चिं. वि. इथे बडोद्यात प्राध्यापक होते हे सांगितल्यावर म्हणाली, "म्हणजे हे आपल्याकडचे?" पुस्तक अजून तिच्याकडेच आहे, मुदत टळून गेली आहे. घरातल्या घरात फोन कसला करणार!

रविवारी संध्याकाळी पाचला सभा आहे. ठरावावर मत जरूर द्या, विरुद्ध दिलंत तरी राग नाही. फक्त येण्याआधी एकदा जिना चढून आत या, गुरुवारी मी सहा ते आठ बसतो. दोन किल्ल्यांची सोय झाली आहे. तिसरी करून आणली आहे, ती माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.