खलाशांच्या थकबाकीचा हिशेब

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा व कापूस एकत्र भरलेले 'फोर्ट स्टिकिन' हे ब्रिटिश जहाज फुटले. शेकडो माणसे मेली. गोदीत उभे असलेले 'बेलरे' हे नॉर्वेचे मालवाहू जहाजही त्या स्फोटात सापडले.

१९४० साली जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर त्या देशाची सुमारे हजार जहाजे 'नॉर्ट्राशिप' या सरकारी यंत्रणेखाली दोस्तराष्ट्रांचा माल वाहू लागली. ब्रिटिश वेतनमान बिघडू नये म्हणून तिच्या खलाशांचा जोखीमभत्ता कमी ठेवून फरक गुप्त निधीत टाकण्यात आला. युद्ध संपले, पण पैसे मिळाले नाहीत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयातही खलाशी हरले. १९७२ साली संसदेने रक्कम दिली, तीही हक्क म्हणून नव्हे, सानुग्रह! परंड्याहून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना असली कपात समजावून सांगावी लागणार नाही.

आणि ज्या ब्रिटिश वेतनमानाची एवढी काळजी, त्याचा अल्पांशच ब्रिटिश जहाजांवरील रत्नागिरीच्या व सिल्हेटच्या खलाशांच्या हाती पडे. १९३९ साली त्यांनी वेतनवाढीसाठी संप केले तेव्हा अनेकांना तुरुंगात डांबले गेले. युद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले. त्यांच्या वेतनातील फरक कोणत्याच निधीत जमा झाला नाही, गुप्त निधीतही नाही.