हाडाला काच चालते, चुंबकाचा पट्टा नाही

पुनावळे, ताथवड्याच्या टॉवरांच्या परांचीवर चढणाऱ्यांत आणि चाकणच्या प्रेसवर उभे राहणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली माणसे कमी नाहीत. पायाचे हाड मोडले की महिनोन्‌महिने मजुरी बुडते. अशा घरी चुंबकाचा पट्टा, कडे किंवा गादी विकणारा बरोबर पोहोचतो. "रक्तातले लोह ओढून हाड जुळवते," असे तो सांगतो. उद्या तो असेही म्हणेल, "शास्त्रज्ञसुद्धा चुंबकाने हाड जोडतात." म्हणून खरी गोष्ट आपल्याला माहीत हवी.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये एक वेगळी काच बनवली. तिच्यात वजनाने 45 टक्के सिलिका आणि बाकी सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरसची संयुगे असतात. शरीरातल्या द्रवात ती हळूहळू विरघळते आणि तिच्यावर हाडातल्या खनिजासारखाच थर जमतो. त्या थराला आपले हाड घट्ट धरते. 1985 पासून ही काच रुग्णांमध्ये वापरात आहे. सुरुवात कानातल्या बारीक हाडांपासून झाली, मग दातांभोवतीचे झिजलेले हाड भरण्यासाठीही ती वापरू लागले.

काच सच्छिद्र केली की रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत शिरतात. छिद्रांत औषधही भरता येते. तिच्यात लोहाचे ऑक्साइड मिसळले की ती चुंबकीय होते. मग बाहेरच्या यंत्राने वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र दिले की काच सुमारे 42 ते 45 अंश सेल्सियसपर्यंत तापते. त्या उष्णतेने हाडातल्या कॅन्सरच्या पेशी मारायच्या आणि पोकळीही भरून काढायची, असा विचार आहे. पण ही चुंबकीय काच अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. ती तुमच्या दारात विकायला येणार नाही.

पट्ट्यातले चुंबक एका जागी स्थिर असते, त्याने असे काही तापत नाही. रक्तातले लोह खिळ्यासारखे ओढले जात नाही. जात असते, तर पट्ट्याच्या कितीतरी पट ताकदीच्या एमआरआय यंत्रातून माणूस सुखरूप बाहेर आला नसता. कोण सांगतो यापेक्षा काय सिद्ध झाले, हे विचारायची आपली रीत आहे. इथेही तेच विचारा.

आमचे म्हणणे असे की पट्ट्यावर जाणारा पैसा आणि वेळ हक्काच्या उपचाराकडे वळवा. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना अदारकर समितीने कामगार आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून 1948 चा ईएसआय कायदा आला. आज 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो. अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. ठेकेदाराने कार्ड दिले नसेल तर मागा. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केले असेल तर बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवा. ईएसआय नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी 155388 वर करा. पिंपरीचे वायसीएम रुग्णालय आपल्या महापालिकेचेच आहे.

ऑपरेशनमध्ये प्लेट, रॉड किंवा कृत्रिम हाड घातले तर त्याचे नाव, बिल आणि स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. प्लास्टर घातल्यावर बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणे वाढत गेले तर सकाळची वाट पाहू नका, तसेच दवाखाना गाठा. हाड जुळेपर्यंत बिडी-सिगारेट बंद ठेवा. तिने हाड उशिरा जुळते.

नवी काच उद्या दवाखान्यात आली, तर ती सरकारी योजनेच्या यादीतही आली पाहिजे. ही मागणी आपण आजपासूनच लावून धरू. विज्ञान श्रीमंतांच्या वॉर्डात आणि आपल्या वाट्याला पट्टा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

जयभीम.