पवनचक्क्यांची करसवलत : गावातील नाराजी नेमकी कशावर?

सातारा, सांगली, धुळे, बीड किंवा धाराशिव जिल्ह्यात पीक मार्गदर्शनाची बैठक असली, की हरभऱ्याची मर आणि तुरीवरील शेंगअळी संपल्यावर चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, या पवनचक्कीवाल्यांना सरकार कर माफ करतं म्हणे. डोंगर आमचा, जमीन आमची, मग सवलत त्यांनाच का?"

त्याच बैठकीत दुसरा शेतकरी म्हणतो, "माझ्या माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हतं. आता भाडं येतं. सवलत नसती तर कंपनी आलीच नसती." दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र मत बनवण्याआधी ही सवलत काय आहे, ती कशाला बांधलेली आहे आणि तिचा तुमच्या सातबाऱ्याशी काय संबंध येतो, हे समजून घेऊ.

कर माफ होतो की पुढे ढकलला जातो?

सर्वांत गाजलेली सवलत म्हणजे वेगवान घसारा. ट्रॅक्टर दरवर्षी जुना होतो, त्याची किंमत घटते. व्यवसायाच्या हिशेबात ही घट खर्च म्हणून दाखवता येते. तेवढ्या रकमेवर त्या वर्षी कर लागत नाही. साध्या यंत्राला हा दर साधारण १५ टक्के असतो. पवनचक्कीला १९९० च्या दशकात पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत होता. पुढे तो ८० टक्के झाला.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पवनचक्कीचा खर्च ६ कोटी रुपये आणि कंपनीचा कर ३० टक्के धरला, तर पहिल्या वर्षी:

- ८० टक्के घसाऱ्याने वाचणारा कर : १ कोटी ४४ लाख रुपये
- ४० टक्के घसाऱ्याने : ७२ लाख रुपये
- १५ टक्के घसाऱ्याने : २७ लाख रुपये

यात कर कायमचा माफ होत नाही. आज घसारा जास्त घेतला, की पुढच्या वर्षांत दाखवायला कमी उरतो आणि तेव्हा कर भरावा लागतो. पण मोठी रक्कम आज हातात राहते, व्याज वाचते, हा फायदा खराच आहे. दुसरी अट महत्त्वाची. ज्याला मोठा नफा आहे, त्यालाच घसाऱ्याचा उपयोग होतो. त्यामुळे सुरुवातीच्या अनेक पवनचक्क्यांचे मालक वीज कंपन्या नव्हत्या, तर दुसऱ्याच धंद्यात नफा कमावणारे उद्योग होते.

महाराष्ट्रात याला विक्रीकरातील सवलतीची जोड मिळाली. २००० च्या आसपास सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग लागली, त्यामागे ही दुहेरी सवलत होती. बजाज ऑटोसारख्या उद्योगांनी त्या काळात पवनऊर्जेत गुंतवणूक केली.

उभारणीवर की उत्पादनावर?

तुम्ही गावात ठिबकचे संच पाहिले असतील. काही शेतांत ते रोज चालतात. काही ठिकाणी अनुदान जमा झाले, फोटो निघाला आणि नळ्या गोठ्यावर गुंडाळून पडल्या. अनुदान संच बसवण्यावर असेल तर संच बसतो. पाणी वाचले का, हे नंतर कोणी विचारत नाही.

वेगवान घसाऱ्यावरची टीका अगदी हीच होती. फायदा उभारणीच्या वर्षी मिळून गेला, की यंत्र चांगले चालवण्याची ओढ कमी होते. म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २००९ मध्ये उत्पादनावर आधारित प्रोत्साहन आणले. ग्रीडला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे, आणि हे घेणाऱ्याला वेगवान घसारा नाही. फिरेल त्याला पैसे, असा हा साधा नियम होता.

नंतरचा काळ धरसोडीचा गेला. एप्रिल २०१२ पासून दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॉट पवनऊर्जा वाढली होती, पुढच्या वर्षी ती सुमारे १,७०० मेगावॉटवर आली. २०१३ मध्ये उत्पादन प्रोत्साहन आणि २०१४ मध्ये वेगवान घसारा परत आला. एप्रिल २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आला. उत्पादन प्रोत्साहन आणि नव्या प्रकल्पांसाठीची दहा वर्षांची करमाफीही त्याच सुमारास संपली. २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॉटची विक्रमी वाढ झाली होती, पुढच्या वर्षी ती दोन हजार मेगावॉटच्याही खाली आली.

याचे सगळे खापर सवलतीवर फोडता येणार नाही. त्याच वेळी ठरावीक दराऐवजी लिलाव सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात युनिटचा दर ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैसे. म्हणजे सवलत कमी झाली आणि वीजही स्वस्त झाली. "सवलतीशिवाय पवनऊर्जा उभीच राहत नाही" हे म्हणणे पूर्ण खरे नाही, आणि "सवलत म्हणजे नुसती लूट" हेही नाही. मार्च २०२५ अखेर देशाची पवनऊर्जा क्षमता ५०,००० मेगावॉटच्या पुढे गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा पाच हजार मेगावॉटहून अधिक आहे.

पवनचक्क्या ढग पळवतात का?

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सातारा-सांगलीच्या पूर्व भागात दुष्काळ पडला, तेव्हा पवनचक्क्यांनी ढग पळवले असा समज पसरला. आजही तो ऐकू येतो. कृषिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून स्पष्ट सांगतो, याला आधार नाही. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंचीचे असतात, तर तेव्हाच्या पवनचक्क्या शंभर मीटरच्या आसपास होत्या. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तिथे एकही पवनचक्की नव्हती.

पण हा समज इतका का रुजला, हे विस्तार कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे. ज्या गावाला पवनचक्कीतून काही मिळाले नाही, त्या गावाने तिच्यावरचा आरोप लवकर खरा मानला. साक्री तालुक्यात वाद वनजमिनीचा आणि आदिवासींच्या वनहक्कांचा होता. अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कर आकारणीवरून तंटे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. तपासात पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला, प्रकरण न्यायालयात आहे. या प्रत्येक ठिकाणी प्रश्न वाऱ्याचा नव्हता, प्रकल्पाभोवती फिरणाऱ्या पैशाचा आणि हक्काचा होता.

एक गोष्ट आपणही मान्य करू. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, यावर शहरातील काही लोक नाराज असतात. आपण त्यांना सांगतो, शेतीत जोखीम आहे आणि तिचा देशाला उपयोग आहे. पवनऊर्जेची बाजू मांडणारेही तेच सांगतात. म्हणून "सवलत का?" यापेक्षा "सवलतीच्या बदल्यात काय?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

तुमच्या भाड्यावर मात्र कर आहे

ही बाब अनेकांना उशिरा कळते. जमीन शेतीसाठी वापरात असेल तरच तिचे भाडे शेती उत्पन्न ठरते. पवनचक्कीसाठी दिलेल्या जमिनीचे भाडे करपात्र आहे.

- भाडे महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कंपनी १० टक्के कर कापून देते. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापला जातो.
- नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सध्या कर लागत नाही. पण कापलेली रक्कम परत हवी असेल तर विवरणपत्र भरावेच लागते.
- मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेला शेतकरी पीएम किसान योजनेला अपात्र ठरतो. भाड्याच्या रकमेत हा तोटाही धरा.

सही करण्यापूर्वी

करसवलत दिल्लीत ठरते. भाडेकरार तुमच्या ओसरीवर ठरतो, आणि तिथे तुमचे चालते.

- तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. पवनचक्कीला जागा कमी लागते, पण रस्ता आणि तारांचा पट्टा वेगळा जातो. तोही मोजून घ्या.
- करार २५-३० वर्षांचा असतो. एकरकमी पैशापेक्षा दरवर्षी वाढणारे भाडे मागा. जमल्यास त्याचा काही भाग वीज उत्पादनाशी जोडा.
- खोदाईत वरची सुपीक माती वेगळी ठेवणे, बांध-नाल्या पूर्ववत करणे आणि मुदत संपल्यावर मनोरा व पाया काढणे, हे सर्व लेखी घ्या.
- प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर करार कोणावर बंधनकारक, ते लिहून घ्या. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' रकान्यात काय नोंद होणार, तेही आधी वाचा. पीककर्जाच्या वेळी ती नोंद पुढे येते.
- एकेकट्याने सही करू नका. एकाच माळावरील शेतकऱ्यांनी मिळून बोलणी केली, तर दर आणि अटी दोन्ही सुधारतात.

पुढच्या बैठकीत कोणी विचारले, "त्यांना सवलत का?", तर सोबत हेही विचारा : यंत्र फिरले तरच ती मिळते का, आणि त्यातले गावात किती उरते? पहिल्याचे उत्तर सरकारकडून मागायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल, तर सही करण्याची घाई करू नका.