घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

रात्रीच्या एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात एखादा प्रवासी मोठ्याने घोरू लागला की आजूबाजूला हसू फुटते. ‘नशीबवान आहे, पाठ टेकली की झोप लागते,’ असे कोणीतरी म्हणते. घरातही तेच. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणायचे, आपण दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचे आणि विषय संपवायचा. घोरणे हा आपल्याकडे गाढ झोपेचा पुरावा मानला जातो. वैद्यकशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. जो माणूस रोज मोठ्याने घोरतो आणि घोरता घोरता मध्येच गप्प होतो, त्याला गाढ झोप बहुधा मिळतच नसते.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असा रुग्ण झोपेची तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो येतो रक्तदाबासाठी. तीन-तीन गोळ्या चालू असूनही दाब आटोक्यात नसतो. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, म्हणून त्याला साखरेची किंवा प्रोस्टेटची शंका असते. बायको सोबत आली असेल, तरच खरी गोष्ट बाहेर येते. ‘डॉक्टर, हे घोरता घोरता एकदम गप्प होतात. श्वास बंद पडल्यासारखा वाटतो. मग मी हलवून उठवते.’ तो मात्र हसून म्हणतो, ‘काहीतरीच सांगते ही. मला तर छान झोप लागते.’ दोघेही खरेच बोलत असतात. जे घडते ते त्याला आठवत नाही आणि तिला झोपू देत नाही.

या आजाराचे नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून जाणारी हवा आजूबाजूचा मऊ भाग थरथरवते, तोच घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण बंद झाली की आवाजही थांबतो. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस दचकून मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. असा अडथळा किमान १० सेकंदांचा असला की तो मोजला जातो. तासाला पाचपेक्षा कमी वेळा घडले तर ते सामान्य समजतात. तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडले तर आजार तीव्र. म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा श्वास अडतो. अशी रात्र काढलेल्या माणसाला सकाळी ताजेतवाने कसे वाटणार?

श्वास अडला की शरीर दर वेळी संकटात सापडल्यासारखे वागते. ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. या माणसाचा उतरत नाही. वर्षानुवर्षे हे चालले की हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका वाढतो. लठ्ठपणा, आखूड व जाड मान ही नेहमीची कारणे असली, तरी लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही तो वाढतो. पण बाई घोरते हे सांगायला घरच्यांना संकोच वाटतो आणि तिचा थकवा ‘वयाचा’ म्हणून सोडून दिला जातो.

एवढे असूनही हा एका माणसाच्या प्रकृतीचाच प्रश्न राहिला असता. पण तो माणूस दिवसा पेंगतो. खुर्चीत पेंगला तर साहेबांचे बोलणे खातो. स्टीअरिंगवर पेंगला तर?

१ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी रुळांवरून घसरली आणि चार प्रवासी मृत्युमुखी पडले. ज्या वळणावर ताशी ४८ किलोमीटर वेगाची मर्यादा होती, तिथे गाडी ताशी १३२ किलोमीटर वेगाने शिरली होती. चालकाचा डोळा लागला होता. अपघातानंतर त्याची तपासणी झाली, तेव्हा त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असल्याचे आढळले. त्याआधी त्याचे कोणीही निदान केलेले नव्हते. त्यातच काही दिवसांपूर्वी त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. चौकशी करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने अपघाताचे कारण म्हणून हेच नोंदवले.

आपल्याकडे अशा अपघातानंतर ‘चालकाला डुलकी लागली’ एवढ्या वाक्यावर बातमी संपते. डुलकी का लागली, हे कोणी विचारत नाही. ड्युटी किती तासांची होती, आदल्या रात्री तो कुठे झोपला होता, झोपला तर नीट श्वास घेत होता का, हे प्रश्न पंचनाम्यात नसतात. वाहन परवान्यासाठी अर्जदार स्वतःच्या प्रकृतीचे जे घोषणापत्र भरतो, त्यात फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का, असे विचारले जाते. घोरणे आणि दिवसाची पेंग यांचा वेगळा प्रश्न नाही. ७०१ किलोमीटरच्या सरळसोट समृद्धी महामार्गावर रात्रभर गाडी चालवणाऱ्याचे डोळे आणि कान तपासून भागणार नाही. त्याची झोपही तपासली पाहिजे.

मात्र इथे एक खरी अडचण आहे. आजार सांगितला तर गाडीवरून उतरवतील, ही चालकाची भीती खोटी नाही. घर त्या पगारावर चालते. तपासणीचा अर्थ नोकरी जाणे असा झाला, तर एकही चालक खरे सांगणार नाही आणि त्याची बायकोही गप्प बसेल. म्हणून तपासणीबरोबर हमीही हवी. निदान झाल्यास उपचार होईपर्यंत हलके काम, उपचार लागू पडल्याचे दिसल्यावर पुन्हा गाडी. हे शक्य आहे, कारण आजार आटोक्यात येणारा आहे. झोपताना नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र १९८१ साली ऑस्ट्रेलियात पुढे आले. नियमित वापरले तर काही दिवसांतच अनेकांची दिवसाची पेंग कमी होते. यंत्र हजारो रुपयांचे आहे, चालकाला ते परवडणारे नाही. पण एका अपघाताच्या नुकसानभरपाईशी तुलना केली, तर ते महाग कोणाला म्हणता येईल? एसटी असो की खासगी कंपनी, हा खर्च मालकाने उचलावा.

सुरुवात मात्र बिनखर्चाची आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या प्रत्येक ओपीडीत डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारावेत: घोरता का, आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? उत्तर रुग्णाऐवजी त्याच्या शेजारी झोपणाऱ्याकडून घ्यावे. गप्प होण्याचा प्रकार घरच्यांनी मोबाइलवर मिनिटभर चित्रित करून आणला, तरी डॉक्टरांना मोठी मदत होते. पक्के निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतून होते.

घरच्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. झोप नीट लागत नाही म्हणून अशा माणसाला स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नये. गोळी आणि दारू दोन्ही घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वजन कमी केले आणि कुशीवर झोपले, तर सौम्य आजारात फरक पडतो. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल आणि वर्गात लक्ष लागत नसेल, तर त्याला रागावण्याआधी टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड तपासून घ्यावेत.

आज रात्री घरात कोणी घोरत असेल, तर हसण्याआधी पाच मिनिटे कान द्यावा. घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडतो का, तेवढे ऐकावे. पडत असेल, तर सकाळी डॉक्टरांना सांगावे. आणि तो माणूस गाडी चालवत असेल, तर उद्यावर ढकलू नये.