नाते म्हणजे परवाना नव्हे

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, म्हणून एक परिचित धनुष्यबाणाने शिकार करण्यासाठी अलास्काला निघाले होते. भाऊ तिथेच स्थायिक; मग वाटाड्याला पैसे कशाला मोजायचे? तिथलाही कायदा आड आला, तेव्हा त्यांना तो पक्षपाती वाटला.

अमेरिकेच्या अन्य राज्यांतून आलेल्या नागरिकाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा वा पहाडी बकरा मारताना परवानाधारक मार्गदर्शकाऐवजी अलास्कावासी भाऊ सोबत असला तरी चालतो. परदेशी नागरिकाला मात्र प्रत्येक मोठ्या श्वापदासाठी मार्गदर्शक अनिवार्य आहे. यात विसंगती आहे, हे मान्य. पण ती त्या सवलतीत आहे. बंधन योग्यच आहे.

बाण मारतो तो मुख्यतः रक्तस्रावाने. नेम जरा चुकला की घायाळ जनावर दूरवर निघून जाते आणि तडफडत मरते. रक्ताचा माग कसा काढावा, त्याआधी किती थांबावे, मुळात बाण केव्हा सोडूच नये, ही विद्या रक्ताच्या नात्याने मिळत नाही.

शरयूतीरी दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. कौशल्य होते, राजकुलाचा अधिकार होता. ‘थांब’ म्हणणारे कोणी नव्हते. श्रावणाची कथा आपण पितृभक्तीची म्हणून शिकवतो. ती अविवेकी शिकारीचीही कथा आहे, हे विसरतो.

भावाने ताट वाढावे, अंथरूण घालावे. अरण्याचे यजमानपद त्याच्याकडे नाही.