डोळ्याचे प्रेशर नॉर्मल, तरीही काचबिंदू?



मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे आपल्याकडे एकाच दमात घेतली जातात. त्यामुळे दोन्ही आजार सारखेच, असा समज पसरला आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणसाला पुन्हा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते. मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. गेलेली नजर ऑपरेशनाने, थेंबांनी किंवा कोणाच्या काढ्याने परत येत नाही. उरलेली नजर राखणे एवढेच आपल्या हाती असते. म्हणून हा आजार वेळेवर सापडणे फार महत्त्वाचे.

काचबिंदू म्हणजे डोळ्याचे प्रेशर वाढणे, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. वस्तीतल्या शिबिरात प्रेशर तपासतात, ‘नॉर्मल आहे’ असे सांगतात आणि माणूस निर्धास्त होऊन घरी येतो. पण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, आणि नेमका हाच प्रकार तपासणीतून निसटतो. तो का होतो आणि त्याचा आपल्या शरीरातील मज्जासंस्थेशी काय संबंध आहे, ते आज पाहू.

२१ हा आकडा आला कोठून?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होते व बारीक जाळीतून वाहून जाते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. ते जितके तयार होते तितके वाहून गेले की दाब बेताचा राहतो. बहुतेक निरोगी माणसांत हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. मात्र २१ ही काही निसर्गाने आखलेली लक्ष्मणरेषा नाही. पुष्कळ लोकांचे दाब मोजून, सरासरीवरून काढलेला तो आकडा आहे. एकाची नस २४ दाबही वर्षानुवर्षे सोसते, तर दुसऱ्याची १६ दाबालाच खचते.

ही गोष्ट नवी नाही. जर्मनीतील नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ सालीच असे रुग्ण नोंदवले होते. त्यांच्या नसेत काचबिंदूसारखा खळगा पडलेला होता, पण डोळ्याचा दाब वाढलेला नव्हता. पुढे जपानमधील ताजिमी शहरात २०००-०१ मध्ये चाळिशीपुढील लोकांची मोठी पाहणी झाली. त्यांपैकी ३.९ टक्के लोकांना उघड्या कोनाचा, म्हणजे नेहमी आढळणाऱ्या प्रकारचा काचबिंदू निघाला. या रुग्णांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब तपासणीच्या वेळी २१ किंवा त्याहून कमीच होता! केवळ दाब पाहून थांबले असते तर त्यातले बहुतेक जण ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेले असते.

आपल्या देशातही स्थिती काळजीचीच आहे. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात झालेल्या अरविंद नेत्र पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाळिशीपुढील २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला, आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताही नव्हता. कारण डोळा दुखत नाही, लाल होत नाही. समोरचे अक्षर नीट दिसते. नजर कडेने कमी होत जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि माणूस गाफील राहतो.

आपल्याला न विचारता चालणारी यंत्रणा

दाब वाढलेला नाही, तर मग नस मरते कशाने? याचे एक महत्त्वाचे कारण रक्तपुरवठ्यात सापडते. आणि रक्तपुरवठा म्हटला की स्वायत्त मज्जासंस्थेची ओळख करून घ्यावी लागते.

हात उचलायचा की नाही हे आपण ठरवतो. पण हृदयाने किती वेगाने धडधडावे, रक्तवाहिन्यांनी आकुंचन पावावे की सैल व्हावे, घाम कधी यावा, डोळ्याची बाहुली किती उघडावी, हे आपण ठरवत नाही. ही कामे स्वायत्त मज्जासंस्था रात्रंदिवस करीत असते. तिच्या दोन शाखा आहेत. संकट, धावपळ, भीती, थंडी यांच्या वेळी अनुकंपी शाखा जोर धरते. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात. विश्रांतीच्या वेळी परानुकंपी शाखा पुढे येते. नाडी मंदावते, पचन सुरू होते. दोघींचा तोल राहिला की प्रकृती ठीक राहते.

डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो. तो या मज्जासंस्थेच्या थेट ताब्यात आहे. नसेच्या तोंडाशी मात्र तसे नाही. तेथील बारीक वाहिन्यांना दाब कमी-जास्त झाला तरी रक्ताचा ओघ स्वतःच सांभाळावा लागतो. निरोगी माणसात त्या तो सांभाळतात. पण सबंध शरीराचा रक्तदाब वर-खाली करणारी यंत्रणाच ताळ्यावर नसेल आणि या वाहिन्याही कमजोर असतील, तर नसेची वेळोवेळी उपासमार होते.

नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूच्या रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांतील बारीक चढउतार मोजून पाहण्यात आले. काही अभ्यासांत अनुकंपी शाखेचा जोर प्रमाणाबाहेर आढळला. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील नेत्रतज्ज्ञ जोसेफ फ्लामर यांनी अशा रुग्णांत नेहमी दिसणाऱ्या खुणा एकत्र मांडल्या: हातपाय सदा गार, रक्तदाब मुळात कमी, अर्धशिशी, तहान कमी, अंथरुणावर पडल्यावर झोप लवकर न लागणे. मज्जासंस्थेचा हा बिघाड एकटाच काचबिंदू घडवतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. तो दाबाच्या जोडीने नसेला कमजोर करणारा साथीदार आहे, असे समजावे.

आपल्या घरातील माता-भगिनी अशाच तक्रारी वर्षानुवर्षे सांगत असतात. ‘हातपाय गार पडतात, उठलं की अंधारी येते, डोकं अर्धं दुखतं.’ घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, होईल बरं. एवढ्यावरून काचबिंदू आहे असा निष्कर्ष मुळीच काढू नये. पण चाळिशी उलटलेल्या बाईला असा त्रास असेल तर तिची नस एकदा तपासून घेणे शहाणपणाचे.

रात्री काय घडते?

झोपेत बहुतेकांचा रक्तदाब उतरतो. १० ते २० टक्के उतार हा स्वाभाविक आहे. काहींत मात्र तो याहून पुष्कळ खाली जातो. त्याच वेळी आडवे झाल्यामुळे डोळ्यातला दाब थोडा चढतो. आता हिशेब करून पाहा. रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून डोळ्याचा दाब वजा केला की डोळ्यात रक्त ढकलणाऱ्या जोराचा ढोबळ अंदाज येतो. दिवसा खालचा आकडा ८० आणि डोळ्याचा दाब १६ असेल तर उरतात ६४. मध्यरात्री खालचा आकडा ४८ वर आला आणि डोळ्याचा दाब २० झाला, तर उरतात फक्त २८. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या पाहणीत, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ही वजाबाकी ३० च्या खाली असलेल्यांत काचबिंदूचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. पंजाबात जन्मलेले व अमेरिकेत आयोवा येथे संशोधन केलेले डॉ. सोहन सिंग हायरे यांनी १९९४ मध्ये रात्रीच्या या उताराकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले होते.

यातून बी.पी.च्या रुग्णांनी घ्यायचा धडा मोठा आहे. बी.पी.ची गोळी रात्री झोपताना घेतली तर काहींत मध्यरात्रीचा उतार आणखी खोल जातो. म्हणून काचबिंदू असलेल्याने आपल्या गोळीची वेळ डॉक्टरांना जरूर विचारावी. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. वाढलेला रक्तदाब हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांचा शत्रू आहे. नस वाचवायला जाऊन लकवा ओढवून घेणे हे शहाणपण नव्हे. गरज वाटली तर डॉक्टर दंडाला चोवीस तास पट्टा बांधून रात्रीचा रक्तदाबही मोजू शकतात.

उपचार आहे

प्रेशर नॉर्मलच आहे, मग थेंब कशाला, असे अनेक रुग्ण विचारतात. याचे उत्तर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिले. ज्या डोळ्यांचा ‘नॉर्मल’ दाब उपचाराने आणखी ३० टक्के उतरवला, त्यांपैकी १२ टक्के डोळ्यांत आजार वाढला. उपचाराविना ठेवलेल्या डोळ्यांत हेच प्रमाण ३५ टक्के होते. म्हणजे दाब उतरवणे या प्रकारातही उपयोगी पडते.

विशेष म्हणजे, काचबिंदूचे काही थेंब याच स्वायत्त मज्जासंस्थेच्या वाटेने काम करतात. टिमोलॉलचा थेंब अनुकंपी शाखेचा परिणाम रोखून डोळ्यातले पाणी कमी तयार करवतो. पण तो नाकावाटे रक्तात उतरला तर नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो आणि दमेकऱ्याला धाप लागू शकते. म्हणून दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. थेंब डोळ्यात राहतो, अंगात कमी जातो.

योगासने करणाऱ्यांनीही सावध राहावे. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, असे भारतीय डॉक्टरांच्याच अभ्यासात २००६ मध्ये दिसले. काचबिंदू असलेल्याने डोके खाली, पाय वर अशी आसने टाळावीत. चालणे उत्तम. श्वासावर लक्ष ठेवून शांत बसण्याच्या ध्यानाविषयीही पुष्कळ वाचक विचारतात. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी उघड्या कोनाच्या काचबिंदूच्या ९० रुग्णांवर असा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. औषधे चालू ठेवून २१ दिवस ध्यान करणाऱ्यांचा डोळ्याचा दाब उतरला. ध्यान जरूर करावे. पण थेंब सोडून ध्यान करणे म्हणजे उरलेली नजर डावावर लावणे होय. हे कोणीही करू नये.

डॉक्टरांना काय विचारावे?

चाळिशीनंतर निदान दोन वर्षांतून एकदा डोळ्यांची संपूर्ण तपासणी करावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत नेत्रविभाग असतो, तेथे जावे. संकोच न करता विचारावे: “डॉक्टर, प्रेशर किती आलं? आणि आतली नस पाहिलीत का?” नस पाहण्यासाठी बहुधा थेंब टाकून बाहुली मोठी करतात. काही तास उजेड बोचतो, अंधूक दिसते. त्यामुळे घरचे माणूस सोबत न्यावे. शंका आली तर फील्ड टेस्ट करतात. तीत कडेची नजर कोठे कमी झाली ते कळते. बुबुळाचे पुढचे पारदर्शक पटल पातळ असेल तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून त्याची जाडीही मोजतात.

डोळ्याच्या डॉक्टरांना बी.पी.च्या गोळ्या दाखवाव्यात आणि बी.पी.च्या डॉक्टरांना डोळ्यांचे थेंब दाखवावेत. दोघे डॉक्टर सहसा एकमेकांना भेटत नाहीत. त्यांच्यातील दुवा आपणच व्हायचे असते. सगळे कागद एका पिशवीत घालून नेले तरी पुरे.

आणि शेवटची गोष्ट. घरात एकाला काचबिंदू निघाला की त्याच्या सख्ख्या भावा-बहिणींना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ही बातमी लपवू नका. गावाकडच्या भावाला, सासरी दिलेल्या बहिणीला फोन करून कळवा आणि नस तपासून घ्यायला सांगा. ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढ्या उत्तरावर त्यांनी थांबू नये, हेही आठवणीने सांगा.